बंदीच्या पाठीशी प्रयोगशाळा हवी

कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांसाठी वापर करण्यास केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, हे योग्यच झाले. इतर औषधे निष्प्रभ ठरल्यावर अत्यवस्थ रुग्णासाठी वैद्यांच्या हाती जी थोडी शस्त्रे उरतात, त्यांपैकी हे एक. कोंबड्यांचे वजन लवकर वाढावे म्हणून तेच त्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. परंतु या निर्णयाचे मूळ सरकारी कचेरीत नव्हे, एका कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आहे, याचे स्मरण फारसे कोणी ठेवलेले दिसत नाही.

ग्वांगझौ येथील दक्षिण चीन कृषी विद्यापीठाचे संशोधक जनावरांच्या आतड्यांतील जंतूंची नित्याची तपासणी करीत होते. त्या तपासणीत एका डुकराच्या आतड्यात कोलिस्टिनला न जुमानणारा जंतू त्यांना सापडला. ही प्रतिकारशक्ती देणारे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकते, हे नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जगाला प्रथमच दाखवून दिले. तपासलेल्या कच्च्या मांसाच्या ५२३ नमुन्यांपैकी ७८ नमुन्यांत, आणि १,३२२ रुग्णांपैकी १६ जणांत हे जनुक आढळले. गोठ्यातील रोग आणि रुग्णालयातील रोग हे वेगवेगळे विषय आहेत, या सोयीस्कर समजुतीला त्या आकड्यांनी छेद दिला.

चीनने २०१७ मध्ये खाद्यातील कोलिस्टिन थांबविले. पुढे तेथील संशोधकांनीच या बंदीचा परिणामही मोजला. डुकरांतील कोलिस्टिन-प्रतिकारक जंतूंचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४ टक्के होते; ते २०१७-१८ मध्ये ५.१ टक्क्यांवर आले. म्हणजे विद्यापीठाने रोग दाखविला, सरकारने उपाय केला, आणि उपाय लागू पडला की नाही हेही पुन्हा विद्यापीठीय संशोधनानेच सांगितले. यातील तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची होय.

भारतात नेमकी हीच पायरी दुबळी आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ पासून आहे, दूध व मांस यांतील औषधांच्या अंशांवर मर्यादाही घातलेल्या आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने जंतूंच्या प्रतिकारशक्तीवर लक्ष ठेवणारे जाळे उभारले आहे, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु नमुने घेणारे हात आणि तपासणारे डोळे पुरेसे नसतील, तर कायदा राजपत्रातच राहतो. महाराष्ट्राला १८८६ पासून चालत आलेल्या मुंबईच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची परंपरा आहे. नागपूरला २००० साली पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. अशा संस्थांकडे शिकविणे आणि पदव्या देणे एवढेच काम सोपवून भागणार नाही. वर्षानुवर्षे त्याच तालुक्यांतून, त्याच पद्धतीने नमुने घेऊन निष्कर्ष जाहीर करण्याचे काम त्यांच्याकडे कायमचे द्यावयास हवे. त्यासाठी दोन-तीन वर्षांत आटोपणारे प्रकल्प नव्हेत, तर भरलेली पदे आणि खात्रीचे अनुदान लागते.

कुक्कुटपालक या बंदीने भरडला जाईल, हा आक्षेप पोकळ नाही. लहान शेतकऱ्याचा नफा अंड्यामागे पैशांत मोजला जातो. परंतु म्हणूनच त्याच्या दारी दंडाच्या पावतीआधी सल्ला पोहोचला पाहिजे. वेळेवर लस, कोरडी स्वच्छ जागा, चांगले पाणी आणि संतुलित खाद्य यांच्या बळावर औषधाशिवाय किती वाढ मिळते, हे त्याला त्याच्याच भागातील प्रयोगांनी पटवून देणे विद्यापीठांखेरीज कोणाला साधणार?

नित्याच्या तपासणीला ना उद्घाटन असते, ना कोनशिला. कित्येक वर्षे तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही, म्हणून अंदाजपत्रकात तिच्यावरच प्रथम कात्री चालते. पण ग्वांगझौचा शोध अशाच कंटाळवाण्या कामातून लागला. ते काम चालू ठेवण्याचा खर्च थोडा आहे; ते बंद पाडण्याची किंमत मात्र औषध लागू न पडणाऱ्या रुग्णाला मोजावी लागेल.