एक दात गेला, तर काय बिघडले?



मागच्या महिन्यात आम्ही थोरल्या ताईकडे भाचीच्या साखरपुड्याला गेलो होतो. फोटोवाला "हसा, हसा" म्हणत होता, पण आमचे दाजी ओठ घट्ट मिटून उभे. पोरीच्या आनंदाच्या दिवशी बाप हसेना, म्हणून पाहुण्यांत कुजबुज झाली. रात्री आम्ही खोदून विचारले, तेव्हा त्यांनी तोंड उघडून दाखवले. वरचे पुढचे तीन दात गेलेले!

मुळात गेला होता एकच. गोदामात माल उतरवताना फळी लागली आणि दात पडला. दाजींनी बाजारात रस्त्याकडेला बसणाऱ्या एकाकडून तासाभरात दात बसवून घेतला. त्याने पटकन घट्ट होणारे प्लास्टिक शेजारच्या दोन चांगल्या दातांना आणि हिरडीला चिकटवून दिले. त्याखाली अन्न अडकू लागले, ब्रश पोहोचेना, हिरडी सुजली, रक्त येऊ लागले. दोन वर्षांत ते दोन्ही चांगले दात हलू लागले आणि काढावे लागले. स्वस्तात पडले म्हणता म्हणता एकाचे तीन झाले.

दाजींना आम्ही दोष देत नाही. रोजंदारीच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल. म्हणूनच ही माहिती घराघरात असली पाहिजे.

एक दात गेला की शेजारचे दात हळूहळू त्या फटीकडे कलतात. समोरच्या जबड्यातला दात खाली किंवा वर सरकतो. रिकाम्या जागेचे हाड झिजत जाते. दाढ गेली असेल तर माणूस एकाच बाजूने चावतो. भाकरी, शेंगदाणे, मटण टाळून मऊ तेवढेच खातो.

ही फट भरण्याचा एक मार्ग म्हणजे ब्रिज. नावाप्रमाणे तो पूलच आहे. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात या पुलाचे खांब. डॉक्टर बधिर करून ते चारी बाजूंनी थोडे घासतात, माप घेतात आणि लॅबमधून तीन दातांचा एकच जोड करून आणतात. दोन बाजूंना दोन कॅप, मध्ये नकली दात. तो सिमेंटने पक्का बसतो, रोज काढावा लागत नाही. दोन-तीन फेऱ्या तरी होतात. दात काढल्यावर जखम भरून हिरडी बसायला साधारण दोन-तीन महिने जातात. त्यानंतर कायमचा ब्रिज करतात. नीट निगा राखली तर तो दहा-पंधरा वर्षेही टिकतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. घासलेला दात पुन्हा भरून येत नाही. शिवाय खांब मजबूत हवेत. म्हणून एक्स-रे काढल्याशिवाय ब्रिजला होकार देऊ नका.

दुसरा मार्ग काढता-घालता येणाऱ्या कवळीचा. ती स्वस्त पडते, शेजारचे दात फारसे घासावे लागत नाहीत. रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवावी. तिसरा मार्ग इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. तो चांगला, पण महाग, आणि काही महिने चालतो. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा विडी-सिगारेट चालू असेल तर तो फसण्याचा धोका वाढतो. अक्कलदाढ काढली असेल तर मात्र तिच्या जागी काही बसवण्याची गरज नसते.

जावे कुठे? मुंबईत नायर दंत महाविद्यालय आणि शासकीय दंत महाविद्यालय आहे. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथेही शासकीय दंत महाविद्यालये आहेत. तेथे शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण खाजगीपेक्षा खर्च कमी येतो. लॅबचा खर्च वेगळा आहे का, हे आधीच विचारावे. खाजगीत गेलात तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पाहा, एकूण खर्च लिहून घ्या, पावती मागा. दंतवैद्यकाचा कायदा 1948 सालीच झाला आहे. नोंदणी नसलेल्याच्या हाती तोंड देऊ नका.

ब्रिज बसला म्हणजे काम संपले असे नाही. नकली दाताखाली अन्न अडकते. तेथे बारीक ब्रशने किंवा खास दोऱ्याने रोज सफाई करावी. मिश्री, तंबाखू, गुटखा बंद करावा. त्यांनी हिरड्या खराब होतात, आणि कर्करोगाचे संकट वेगळेच.

आणि माता-भगिनींनो, आजच आपल्या लेकराच्या तोंडात पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता ती येते, म्हणून अनेकजण तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी सोडून देतात. ती कायमची दाढ असते, तिच्या जागी दुसरी येत नाही.

दाजींना आम्ही दंत महाविद्यालयात नेले. खांब होण्याजोगे दात आता भार पेलणार नाहीत, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिल्याच दाताच्या वेळी आले असते तर ब्रिज बसला असता. सध्या त्यांना कवळी बसवली आहे. सवय व्हायला थोडे दिवस लागतील. भाचीचे लग्न मे महिन्यात आहे. त्या फोटोत दाजी हसणार, असे त्यांनी लेकीला कबूल केले आहे.