मित्राचा हात धरता येतो

‘इस्रायल अमेरिकेचा मित्र आहे, मग अमेरिका त्याला रोखणार कशी?’ हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. मैत्री होती तेव्हाही अमेरिकेने त्याला रोखलेलं आहे. १९५७ मध्ये आयझेनहॉवर यांच्या दबावामुळे इस्रायलला सिनाई सोडावं लागलं. १९८२ मध्ये लेबनॉनच्या युद्धात रेगन यांनी क्लस्टर बॉम्बचा पुरवठा थांबवला. मे २०२४ मध्ये बायडेन यांनी दोन हजार पौंडी बॉम्बची एक खेप अडवली. मैत्री तुटली का? नाही.

म्हणजे ताकद आहे, इच्छा नाही. २०१९ ते २०२८ या दहा वर्षांसाठी ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत करारात लिहून दिलेली आहे. १९८५ मध्ये मुक्त व्यापाराचा करार झाला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी गाझातल्या युद्धबंदीच्या ठरावाला सुरक्षा परिषदेत १३ देशांनी पाठिंबा दिला, ब्रिटन तटस्थ राहिला, आणि अमेरिकेने एकटीने नकाराधिकार वापरला. मानवी हक्क तुडवणाऱ्या लष्करी तुकड्यांना मदत देऊ नये, असं सांगणारा ‘लेही कायदा’ अमेरिकेचाच. तो मित्रासाठी कपाटात ठेवायचा?

आता एक प्रश्न आपल्यालाही. सौदी विमानांनी येमेनवर टाकलेले बॉम्बही अमेरिकेनेच विकले होते. तेव्हा आपल्यापैकी किती जण रस्त्यावर उतरले? जालीम कोण आहे हे पाहून आवाज चढत-उतरत असेल, तर तो इन्साफ नव्हे, गटबाजी आहे.