मोबाईल बोलतो, पण सरकारी फॉर्म मुकाच. शहापूर-मुरबाडच्या दिव्यांगांनी करायचं काय?

मुरबाड : 1 डिसेंबर 2016 ला मुरबाड तालुक्यातलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. दुकानादुकानात स्वाईप मशीन आल्या, टीव्हीवाले आले. त्याच महिन्यात संसदेत दिव्यांग हक्क कायदा मंजूर झाला, त्याची मात्र गावात फारशी चर्चा झाली नाही. सरकारी सेवा कागदावरची असो की मोबाईलवरची, ती दिव्यांगांना वापरता आलीच पाहिजे, असं तो कायदा सांगतो. जून 2017 ला नियम आले, तिथून दोन वर्षांची मुदत होती. म्हणजे ती 2019 लाच संपली.

अडचण नेमकी कुठं आहे? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. बोट फिरवाल तिथला मजकूर फोन मोठ्याने वाचतो. पण तो अक्षरं वाचतो, चित्र नीट वाचून दाखवेलच असं नाही. सातबारा काढताना येणारा वेड्यावाकड्या अक्षरांचा कॅप्चा हे चित्र. सही-शिक्का मारून स्कॅन केलेला जीआर, तेही चित्रच. बटणाला नाव दिलेलं नसेल तर फोन नुसता 'बटण, बटण' करत बसतो. (बातमीच्या कात्रणाचा फोटो ग्रुपवर टाकणारे पत्रकारही यात आलेच.)

मग माणूस शेजारच्या पोराकडे नाहीतर सेतूत जातो. आधार, पासबुक, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हातात. संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार झाले खरे, पण ज्या खात्यात ते जमा होतात त्याची चावीच अशी गावभर फिरते. डोळखांब, टोकावडेकडच्या पाड्यांवरून यायचं गाडीभाडं वेगळंच.

सुप्रीम कोर्टाने 8 नोव्हेंबर 2024 ला नियमातली ढिलाई काढली. सोयी करणं ऐच्छिक नाही, सक्तीचं, असं सांगितलं. 30 एप्रिल 2025 ला आणखी एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्यांना ई-केवायसीत पापणी मिटता येत नव्हती, दृष्टीहीनांना सेल्फी नीट काढता येत नव्हती. कोर्टाने 20 निर्देश दिले आणि ऑनलाईन सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं.

मोठी पोर्टल दिल्ली-मुंबईतून सुधारतील तेव्हा सुधारतील. ग्रामपंचायतीला मात्र थांबायचं कारण नाही. ग्रामसभेची नोटीस फोटो काढून टाकण्याऐवजी टाईप करून टाकली, तर एक रुपया खर्च न होता ती टॉकबॅकवर ऐकता येते. शिवाय स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचाच असतो. तो कशावर गेला, हे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतं. कुणी दाद देत नसेल तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुन्हा मोडल्यास 50 हजार ते 5 लाख रुपये दंडाची तरतूद आहे.