वालाच्या मुळाशी चालणारा व्यवहार

जीवाणू खताची पुडी म्हणजे स्वस्तातले नत्र, अशी समजूत आपल्या तालुक्यातील बहुतेक खातेदारांनी करून घेतली आहे. तिच्यामुळेच, येत्या रब्बीस वालासाठी व खारपट्ट्यातील भातासाठी जीवाणूंच्या बाटल्या संस्थेमार्फत एकगठ्ठा मागवाव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. तीस माझा विरोध आहे. जीवाणूंवर माझा अविश्वास नाही. परंतु ते काम कसे करतात हे पाहिल्यास अशी सरसकट खरेदी बहुतांशी वाया जाईल, असे मला वाटते.

द्विदल झाडांच्या मुळांवरील गाठींतून हे जीवाणू प्रथम वेगळे केले ते हॉलंडातील बायेरिंक यांनी, १८८८ साली. तथापि गाठ धरते कशी, हे कोडे पुढे शंभर वर्षे राहिले. मूळ प्रथम जमिनीत काही द्रव्ये सोडते. ती ओळखणारा जीवाणू उलट आपले संकेतद्रव्य सोडतो. त्यासरशी मुळावरील केस वाकडा होतो, आतील पेशी विभागू लागतात आणि गाठ आकारास येते. म्हणजे गाठ जीवाणू बांधीत नाही, त्याच्या सांगण्यावरून झाडच ती बांधते. फ्रान्समधील संशोधकांनी १९९० साली लसूणघासाच्या जीवाणूचे हे द्रव्य शुद्ध स्वरूपात ओळखले, आणि पुढच्याच वर्षी असे दिसून आले की, जीवाणू मुळीच नसताना नुसत्या त्या द्रव्यानेही लसूणघासास गाठी येतात. त्या द्रव्यावर गंधकयुक्त असा एक लहानसा भाग असतो. तेवढा काढला की लसूणघास त्याची दखल घेत नाही. शिक्क्यावाचून आलेला अर्ज दप्तरात पडून राहावा, तशी त्याची गत होते.

यावरून उघड आहे की, हरभऱ्याचे जीवाणू वालास लावून उपयोग नाही. वाल, चवळी, मूग व उडीद मात्र एकाच गटात मोडतात. आता आपल्याकडे भात कापल्यावर अंगओलीवर वाल पेरण्याचा प्रघात पिढ्यान्‌पिढ्यांचा; सबब त्या शेतांतून हे जीवाणू बहुधा आधीच असतात. पोपटी लावण्याची घाई सर्वांस असते, पण मूळ उकरून पाहणारा विरळा! पेरणीपासून सुमारे पाच-सहा आठवड्यांनी चार झाडे मातीसकट अलगद काढावीत, मुळे धुवावीत आणि गाठी नखाने फोडाव्यात. आत लालसर रंग दिसल्यास काम सुरू आहे, पुडीची गरज नाही. गाठी नसल्या, किंवा आतून पांढऱ्या वा हिरव्या निघाल्या, तरच विकत घेण्याचा विचार करावा. तत्पूर्वी युरिया दिला होता काय, हेही आठवावे. कारण नत्र आयते मिळू लागले की झाड गाठी धरण्याचे आपण होऊन थांबविते.

घ्यावयाचीच झाल्यास पिकाचे नाव व मुदतीची तारीख पाहून घ्यावी. खत नियंत्रण आदेशान्वये भुकटीच्या दर ग्रॅमास निदान ५ कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात. पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या पुडीत किती उरत असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

खारपट्ट्याची गोष्ट निराळी. क्षारांच्या त्रासाने झाडाच्या अंगी इथिलीन वाढते व मुळांची वाढ खुंटते. काही जीवाणू हे इथिलीन ज्यापासून बनते ते द्रव्यच खाऊन टाकतात, त्यामुळे मूळ वाढत राहते. ही गोष्ट खरी आहे. पण जमिनीतील मीठ त्याने कमी होत नाही. बांधास खांड पडून भरतीचे पाणी आत येत असेल, तर बाटली काय करणार? तेथे आधी बांध, मग आपल्याच पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून निघालेली पनवेल-१, पनवेल-२ यांसारखी क्षार सोसणारी भाताची वाणे, हाच क्रम मला योग्य वाटतो.

संस्थेने यंदा फक्त पाच-सहा सभासदांपुरती खरेदी करावी. प्रत्येकाने एकाच शेतात दोन गुंठे प्रक्रिया केलेले व दोन गुंठे तसेच बियाणे पेरावे, आणि दोहोंचे उत्पन्न वेगवेगळे मोजून आकडे वार्षिक सभेपुढे ठेवावेत. मोठ्या खरेदीचा ठराव त्यानंतर घेता येईल.