तुरीला टोपली कोण घालणार?



बोरी अरबच्या एका सहावीतल्या मुलीने वहीच्या पानावर लिहिलेला मजकूर माझ्या हाती आला. बाईंनी वर्गात समुद्रकाठच्या कासवांची माहिती सांगितली, त्यावर तिने आपले विचार लिहिले आहेत. समुद्र तिने पाहिलेला नाही. ती लिहिते, "तिकडे कासवाच्या अंड्यांवर टोपली घालून माणसे राखण करतात. मला ते फार आवडले. पण आमची तूर रोही खातात. तुरीला टोपली कोण घालणार? बाबा रात्री जागलीला जातात. शेजारच्या वावरात तारेत करंट सोडतात म्हणे. बाबा घरी येईपर्यंत मला झोप येत नाही."

या लेकराला उत्तर देणे आपल्या मोठ्या माणसांकडे लागते. म्हणून आज खते-बियाणे बाजूला ठेवू आणि याच विषयावर बोलू.

आधी कासवांची हकिकत ऐका. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचे गाव म्हणून ते आपल्याला ऐकून माहीत असेल. थंडीच्या दिवसांत तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालायला येतात. मादी वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात परत जाते. पुन्हा ती अंड्यांकडे फिरकत नाही. पुढचे काम वाळूच्या उबेचे. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात.

पूर्वी ही अंडी कोल्ही-कुत्री उकरून खात, उरलेली माणसे उचलून नेत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हे पाहिले आणि गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. गावातली मुले पहाटे किनारा चालून अंड्यांची जागा शोधू लागली. सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, दिवस भरत आले की वर बांबूची टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची. पिले दिसली की पाण्यापासून थोडी अलीकडे सोडायची. ती आपल्या पायांनी समुद्रात जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. नुसत्या उपदेशावर हे काम वीस वर्षे चालले नसते. २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे येऊ लागले, ते गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, घरच्या बाईच्या हातचे जेवतात आणि त्याचे पैसे त्या घराला मिळतात. कासव जगले तर चूलही पेटते, हे गावाने पाहिले. मग राखण गावाची झाली.

कोळी बांधवांचेही असेच आहे. जाळ्यात कासव किंवा डॉल्फिन अडकले तर सोडवण्यासाठी जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे वावरच. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा कापलेल्या जाळ्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. प्राणी वाचवायचा तर त्याचा भुर्दंड एकट्या गरिबाच्या डोक्यावर टाकून चालत नाही, हे तत्त्व इथे मान्य झाले. मुलीचा प्रश्नही नेमका हाच आहे.

तर तुरीला टोपली कोण घालणार? काही आपण, काही शासन. शासनाच्या वाट्याचे आधी सांगतो. रोही, रानडुक्कर, हरीण यांनी पीक खाल्ले तर वनखात्याकडून भरपाई मिळते. पण नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. वनरक्षक, कृषी सहायक, तलाठी यांना लगेच कळवा, फोटो काढून ठेवा, पंचनामा होईपर्यंत उभे पीक मोडू नका. ई-पीक पाहणीत पेरा नोंदवलेला असू द्या. सातबाऱ्यावर पीक नसेल तर अर्ज अडतो. भरपाई कमी मिळते, उशिरा मिळते, ही तक्रार खोटी नाही. पण अर्जच नसेल तर नुकसान झाल्याची नोंदही राहत नाही. दहा वावरांचे नुकसान असेल तर दहा अर्ज एकत्र द्या आणि ग्रामसभेत विषय काढा.

आता आपल्या वाट्याचे. घरच्या किंवा मोटरच्या लाइनवरून कुंपणात सरळ करंट सोडणे ताबडतोब बंद करा. तार डुक्कर ओळखत नाही आणि माणूसही ओळखत नाही. अंधारात धुऱ्यावरून येणारा शेजारी, भाऊ, घरचा बैल, कोणीही त्यात जातो. माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. वाघ गेला तर वन्यजीव कायद्यात तीन ते सात वर्षे कैद आहे. वाघ म्हणजे दूरची गोष्ट समजू नका. २०१९ साली आपल्याच जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि शेतशिवारे ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कोणाकोणाच्या धुऱ्यावरून तो गेला असेल!

कुंपण करायचेच तर सौर झटका मशीन लावा. त्यात करंट सलग नसतो, क्षणभराचा झटका थांबून थांबून बसतो. जनावर दचकून पळते, मरत नाही. जंगलालगतच्या काही गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी अनुदान मिळते. आपले गाव त्यात बसते का, हे वनरक्षकाला विचारा. जागलीला एकट्याने जाऊ नका. तिघा-चौघांनी पाळी लावा, बॅटरी आणि बूट जवळ ठेवा, किती वाजता परतणार ते घरी सांगून निघा.

समुद्र आपला काय लागतो, असेही कोणी म्हणेल. आपल्या अडाण नदीचे पाणी पैनगंगेत, तिथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते. वेळास पश्चिमेच्या समुद्रावर आहे, पण पूर्वेच्या किनाऱ्यावर, गोदावरीच्या मुखाजवळही हीच कासवे अंडी घालतात. फवारणीची रिकामी बाटली नाल्यात भिरकावली तर ती पुराबरोबर त्याच वाटेला लागते. तेवढे तरी टाळू या.

या आठवड्यात एक काम करा. ज्या वावराला वावर लागून आहे, त्या शेजाऱ्याकडे जा, चहा घ्या आणि तारेचा विषय काढा. भांडण नको, फक्त विषय काढा. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहत जागे असते.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.