पडद्यासमोर : नळ, भाग २

बालमित्रांनो,

या आठवड्याच्या टपालात एक पत्र आलंय. वहीचं फाडलेलं पान, आठ घड्या घातलेलं. लिहिणारा सातवीत आहे. ‘माझं नाव छापू नका’ असं त्यानं दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा त्याखाली रेघही मारलीय. तेव्हा नाव, गाव, शाळा सगळं माझ्याजवळच राहील.

झालं असं, की त्याच्या शाळेत ‘नाळ भाग २’ दाखवला. सिनेमा संपला, दिवे लागले आणि शेजारच्या मुलानं याचे ओले डोळे पाहिले. मग काय विचारता! मधल्या सुट्टीपर्यंत बातमी वर्गभर. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘नळ भाग २’! तेव्हापासून पठ्ठ्याचं नाव ‘नळ’ पडलंय. कुणाला तहान लागली, की याच्यासमोर बाटली धरतात. आता पुढच्या महिन्यात वर्गाला पुन्हा सिनेमा दाखवणार आहेत आणि पोटात दुखतंय असं सांगून घरी राहायचा त्याचा विचार आहे. शेवटी तो विचारतो, ‘‘काका, तुम्ही एवढे सिनेमे बघता. खरं सांगा, तुम्ही कधी रडता का? की मीच बावळट आहे?’’

अरे बाळा, त्या कोटी करणाऱ्याला मी दहापैकी सहा मार्क देईन. पण तुझ्या प्रश्नाला दहापैकी दहा! म्हणून आज एकाच चित्रपटावर न लिहिता अलीकडच्या चार चित्रपटांकडे तुझ्याच ओल्या डोळ्यांनी बघू या.

आधी माझा कबुलीजबाब. मी रडतो. पाचवीत असताना शाळेच्या हॉलमध्ये ‘श्यामची आई’ दाखवला होता. आचार्य अत्र्यांचा, १९५३ सालचा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. खिडक्यांना सतरंज्या टांगलेल्या, मागे प्रोजेक्टरची घरघर. ऐन वेळी रीळ तुटलं आणि शिपाईमामांनी दिवा लावला. मी गुडघ्यांत तोंड खुपसून बसलो होतो. हळूच मान वर करून बघतो तर काय, अर्धा हॉल गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेला! आणि आमचे गणिताचे सर चष्मा पुसतायत. त्या दिवशी कुणी कुणाला नाव ठेवलं नाही. ठेवायला कोरडा माणूस उरलाच नव्हता ना!

पण थांबा. मला रडू आलं, एवढ्यावरून सिनेमा चांगला ठरत नाही. रडू तर कांदा चिरतानाही येतं! म्हणून मी रडण्याचे दोन प्रकार करतो.

पहिलं कांद्याचं रडू. पडद्यावर कुणाची तरी आई जिन्यावरून पडते. ती कोण, कशी, हे आपल्याला नीट माहीतही नसतं. पण एकदम शंभर व्हायोलिनं वाजू लागतात, बाहेर पाऊस कोसळतो, कॅमेरा तिच्या डोळ्यांजवळ जातो आणि आपल्याही डोळ्यांतून धार लागते. बाहेर येऊन भेळ खाल्ली, की सगळं साफ विसरलं.

दुसरं ओळखीचं रडू. इथे सिनेमा आधी त्या माणसाची आपल्याशी गट्टी जमवून देतो. तो कशाला हसतो, कशाला भितो, त्याला काय हवंय, हे सगळं आपल्याला कळतं. मग त्याला साधं खरचटलं, तरी आपल्याला लागतं. आणि हे रडू दोन दिवसांनी अंघोळ करतानाही आठवतं.

दोन्हींतला फरक ओळखायची एक युक्ती सांगतो. घरी टीव्हीवर तो प्रसंग पुन्हा लावायचा आणि आवाज पूर्ण बंद करायचा. संगीत गेलं, की कांदा गेला! तरीही घसा दाटला, तर सिनेमा पास.

आता या परीक्षेला आपले चार विद्यार्थी बसवू.

पहिला अर्थातच ‘नाळ भाग २’. नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, म्हणजे ‘सैराट’चं छायाचित्रण करणारे. २०१८ सालच्या पहिल्या ‘नाळ’मध्ये छोट्या चैत्याला कळतं, की आपल्याला वाढवणारी आई ही जन्म देणारी आई नाही. दुसऱ्या भागात तो त्या दुसऱ्या आईच्या गावी जातो. तिथे त्याला चिमी भेटते. आपल्याला एक बहीण आहे, याचा त्याला कोण आनंद! पण चिमीचा सगळा जीव मणीवर. ती चैत्याला जवळच येऊ देत नाही. बस्स, एवढीच गोष्ट. खून नाही, पाठलाग नाही. एका मुलाला वाटतं, बहिणीनं आपल्याला आपलं म्हणावं. आवाज बंद करून बघा, चैत्याचं तोंड कसं एवढंसं होतं ते. हे शंभर टक्के ओळखीचं रडू! कधी ना कधी आपण सगळेच कुणाच्या तरी दाराबाहेर असे उभे राहिलेलो असतो.

मोठ्या माणसांच्या गोष्टीचा भाग मला जरा घाईत उरकल्यासारखा वाटला. मुलांचं काम मात्र अस्सल. २०२३ सालच्या चित्रपटांसाठीच्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘नाळ भाग २’ सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. श्रीनिवास पोकळे, त्रिशा ठोसर आणि भार्गव जगताप या तिघांनाही बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये चिमुकली त्रिशा साडी नेसून राष्ट्रपतींकडून पुरस्कार घ्यायला गेली, तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. तेव्हा ‘नळ’ दोस्ता, तू ज्यांच्यासाठी रडलास, त्यांना साऱ्या देशानं शाबासकी दिलीय!

दुसरा विद्यार्थी ‘इनसाइड आउट २’. जून २०२४ मध्ये आलेला अमेरिकन ॲनिमेशनपट, हिंदीतही आला होता. रायली नावाच्या मुलीच्या डोक्यात आनंद, दुःख, राग, भीती आणि किळस अशी पात्रं राहतात आणि तिला चालवतात, ही २०१५ सालच्या पहिल्या भागातली गंमत. आता रायली तेरा वर्षांची झालीय. मग तिच्या डोक्यात नवी बिऱ्हाडं येतात. चिंता, हेवा, कंटाळा आणि लाज! चिंताबाई तर आल्या आल्या सगळा कारभारच ताब्यात घेतात. ‘उद्या काय होईल, परवा काय होईल’ करत रायलीला इतकं पळवतात, की हॉकीच्या सामन्यात एका क्षणी तिचा श्वास फुलतो, काही सुचेनासं होतं.

आठवी-नववीतल्या मित्रमैत्रिणींनो, तोंडी परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो ना? तो गोळा पडद्यावर इतका खरा मी आजवर पाहिला नव्हता. आणि लक्षात घ्या, या सिनेमात चिंता खलनायिका नाही. तिला रायलीचं भलंच करायचं असतं, फक्त थांबायचं कुठे ते कळत नाही. मधला प्रवास मला लांबलेला वाटला आणि विनोदांची गर्दीही जास्त. पण तो हॉकीचा प्रसंग आवाजाशिवायही पास!

तिसरा विद्यार्थी तर परीक्षेला बसताना एक शब्दही बोलत नाही. त्याचं नाव ‘फ्लो’. लाटव्हिया नावाचा युरोपातला एक छोटा देश आहे, अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या पुणे शहरापेक्षाही कमी. तिथल्या गिंट्स झिल्बालोडिस या दिग्दर्शकाचा हा २०२४ सालचा ॲनिमेशनपट. एक काळं मांजर, एकटं राहणारं. एकदम महापूर येतो. जीव वाचवायला ते एका नावेत चढतं, तर तिथे आधीच एक कॅपिबारा बसलेला! कॅपिबारा म्हणजे उंदरांच्या भाऊबंदांतला सगळ्यांत मोठा प्राणी. मग वस्तू गोळा करायचं वेड असलेला लेमूर येतो, एक कुत्रा येतो, एक लांब पायांचा पक्षी येतो. सगळे एका नावेत आणि कुणाचं कुणाशी पटत नाही.

जवळजवळ दीड तासात संवाद एकही नाही. प्राणी माणसांसारखे बोलत नाहीत, गाणी म्हणत नाहीत. त्यांचे आवाजही खऱ्या प्राण्यांचेच घेतलेत. कॅपिबाराला मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज दिलाय! आणखी एक गंमत ऐका. हा चित्रपट ‘ब्लेंडर’ या संगणकप्रणालीवर बनवलाय आणि ती कुणालाही फुकट मिळते. मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर यालाच मिळालं. त्या स्पर्धेत ‘इनसाइड आउट २’सारखा प्रचंड खर्चाचा चित्रपटही होता बरं का. लाटव्हियाचं हे पहिलंच ऑस्कर!

मांजर पाण्यात पडतं, वर येतं, पुन्हा पडतं, हे मध्ये जरा जास्त वेळा होतं. पण शेवटी पूर ओसरतो तेव्हा एक प्रसंग येतो. तो मी सांगणार नाही. माझ्या वहीत त्या जागी एकही अक्षर नाही, नुसता शाईचा डाग आहे. मला ना त्या मांजराचं नाव माहीत, ना त्याची भाषा. तरी गट्टी जमली होती!

चौथा आपला मराठी, ‘आता थांबायचं नाय!’ १ मे २०२५ रोजी प्रदर्शित झालेला. दिग्दर्शक शिवराज वायचळ. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव आणि आशुतोष गोवारीकर यांच्या भूमिका. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार दिवसा गटारं साफ करतात आणि संध्याकाळी रात्रशाळेत जाऊन दहावीचा अभ्यास करतात. खऱ्या घटनेवरून सुचलेली गोष्ट आहे ही. शिकायचं राहून गेलेली मोठी माणसं पुन्हा बाकावर बसतात, तेव्हा हसूही येतं आणि घसाही दाटतो.

इथे मात्र मी निकाल वाटून देईन. काही ठिकाणी संगीत आपल्या आधीच रडायला लागतं. तिथे थोडा कांदा आहे. पण दिवसभर राबलेले हात जेव्हा पेन धरतात, तेव्हा संगीताची गरजच नसते. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचे बाबा होते. मुलगा मजेत पॉपकॉर्न खात होता. बाबांचा रुमाल मात्र सारखा चष्म्याखाली जात होता. मुलानं विचारलं, ‘‘बाबा, काय झालं?’’ बाबा म्हणाले, ‘‘काही नाही रे, एसी जरा जोरात आहे.’’

आई-बाबांनो, आता चार ओळी तुमच्यासाठी. एसीवर ढकलू नका! ‘मला माझ्या शाळेची आठवण आली’ एवढं एक वाक्य त्या बाबांनी सांगितलं असतं, तर मुलाला सिनेमाबरोबर बाबांचीही गोष्ट मिळाली असती. मुलगा रडला की ‘मुलीसारखा काय रडतोस?’ असं आपण पटकन म्हणून जातो. त्यात मुलाचा अपमान होतो आणि शेजारी बसलेल्या मुलीचाही. मुलं मग रडणं सोडत नाहीत, फक्त आपल्यापासून लपवायला शिकतात.

आणि आता तू, माझ्या सातवीतल्या दोस्ता. तू बावळट नाहीस. आपल्याला लागलं म्हणून सगळेच रडतात. चैत्याला लागलं म्हणून रडायला मात्र आधी चैत्याकडे लक्ष द्यावं लागतं. ते तू दिलंस. समीक्षकाचं पहिलं काम हेच असतं!

आणखी एक विचार कर. दिवे लागल्याबरोबर तुझ्या शेजाऱ्यानं पडद्यावरून नजर काढून थेट तुझ्या डोळ्यांत कशाला बघितलं? मला विचारशील, तर आपलेही डोळे कुणी बघू नयेत म्हणून! मीही लहानपणी हेच करायचो. ‘ए, तो बघ रडतोय’ असं ओरडलं, की सगळे त्याच्याकडे बघतात आणि आपल्याला बाहीनं नाक पुसायला वेळ मिळतो.

तेव्हा पोटदुखी रद्द! सिनेमाला जायचं. रुमाल मात्र दोन न्यायचे. एक तुझा आणि एक त्या शेजाऱ्यासाठी. काही न बोलता नुसता पुढे करायचा. मग काय झालं, ते मला नक्की कळव.

बाकीच्यांना गृहपाठ : तुम्हाला रडू आलेला एखादा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा आणि कांदा की ओळख, ते मला पोस्टकार्डावर लिहून पाठवा. नाव छापायचं की नाही, तेही लिहा.

तुमचा,
सिनेमाकाका