खाणीचा ऋणानुबंध

मजूरसंघानें पगार, पाळ्या व बोनस यांपुरतें पाहावें. कोणाचें मन कोणावर जडतें या खाजगी गोष्टींत त्यानें कशास लक्ष घालावें, असा प्रश्न पुष्कळ सुज्ञ मंडळी करितात. प्रश्न वरवर रास्त दिसतो. परंतु या खाजगी गोष्टींत प्रथम लक्ष घालतो तो मजूरसंघ नव्हे, मालक. आणि त्यानें एकदां तें घातलें म्हणजे गोष्ट खाजगी राहत नाहीं, ती भाकरीची होते.

स्कॉटलंडमधील एक उदाहरण पाहा. मुलांच्या सुट्टीच्या शिबिरांत डागडुजीचीं कामें करणाऱ्या एका इसमास, तो समलिंगी असल्याची खबर लागली म्हणून, मालकांनीं कामावरून दूर केलें. त्यानें दाद मागितली. १९८० सालीं अपिलांत निकाल झाला तो असा कीं, अशा माणसास मुलांजवळ नोकरीस ठेवूं नये असें पुष्कळ मालकांस वाटतें, सबब त्यास काढणें वाजवीच होय. तें वाटणें खरें कीं खोटें याचा निवाडा झालाच नाहीं. पुष्कळांस वाटतें एवढ्यावर भागलें! आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ३७७ व्या कलमांतून प्रौढांचा संमतीनें घडलेला समलिंगी संबंध वगळला, तेव्हां आतां प्रश्न मिटला असें ज्यांस वाटलें त्यांनीं हा भेद ध्यानांत घ्यावा. गुन्हेगार नसणें निराळें आणि नोकरी शाबूत असणें निराळें.

मग अशा माणसाच्या पाठीशीं कोणीं उभें राहावें? ब्रिटनमध्यें मोठे मजूरसंघ पुढें आले. पण ते ग्रंथ वाचून आले नाहींत. त्यांस तेथवर आणण्यांत एका संपाचा मोठा वांटा आहे. कोळसा मंडळानें सुमारें वीस खाणी बंद करण्याचा बेत केल्यावरून मार्च १९८४ मध्यें खाणकामगारांचा संप सुरू झाला व तो वर्षभर चालला. मुंबईच्या गिरणीकामगारांचा १९८२ चा संप ज्यांनीं जवळून पाहिला त्यांस अशा वेळीं चुलीची काय अवस्था होते हें सांगावयास नको. संपवाल्याच्या बायकामुलांस मिळणाऱ्या सरकारी मदतींतून, युनियन त्यास भत्ता देत असेलच असें गृहीत धरून, ठराविक रक्कम कापली जाई. प्रत्यक्षांत युनियन तसा भत्ता देत नव्हती. त्यांतच दक्षिण वेल्सच्या युनियनचा पैसा न्यायालयाच्या हुकुमानें जप्त झाला. तेव्हां तेथील बायकांनीं शिधा जमवून घरोघर पोंचविण्याचें काम अंगावर घेतलें. त्यांच्यापैकीं शान जेम्स ही एका खाणकामगाराची पत्नी २००५ सालीं पार्लमेंटांत निवडून गेली, हें जातां जातां नमूद करितों.

३० जून १९८४ रोजीं लंडनमध्यें समलिंगी लोकांची वार्षिक मिरवणूक निघाली. तींत मार्क ॲश्टन व माइक जॅक्सन या दोघां तरुणांनीं बादल्या घेऊन खाणकामगारांसाठीं पैसे गोळा केले आणि पुढील महिन्यांत त्यासाठीं मंडळच काढलें. हे खाणवाले आपल्यासाठीं कधीं काय करणार, असें विचारणारेही होतेच. ॲश्टनचें म्हणणें साधें होतें: पोलिसांचा दंडुका आणि वर्तमानपत्रांची शिवी आपण भोगली आहे, आतां ती त्यांच्या वांट्यास आली आहे. १० डिसेंबर रोजीं कॅम्डन भागांत गाण्याचा जलसा झाला. त्याच्या नांवांतच, समलिंगी लोकांस देण्यांत येणारी ‘विकृत’ ही शिवी मंडळानें खुशाल घालून टाकली होती! त्या एका रात्रींत पांच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.

पैशापेक्षां महत्त्वाची गोष्ट ऑक्टोबरांतच घडून गेली होती. मंडळाचे लोक वेल्समधील डुलाइस खोऱ्यांत पाहुणे म्हणून गेले व खाणकामगारांच्या घरीं उतरले. धास्ती दोन्हीकडे होती. पाहुण्यांस वाटे, आपली हेटाळणी होईल. यजमानांस कळेना, यांच्याशीं बोलावें तरी काय. पंक्तिभेद म्हणजे काय हें ज्या आपल्या समाजास पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, त्यास निराळें समजावून देण्याची गरज नाहीं कीं, एका टेबलाशीं बसून जेवणें ही किती मोठी गोष्ट असते. त्या खोऱ्यांतील लोकांनीं पुढें आपल्या मोटारीवर, ही कोणाच्या मदतीनें मिळाली तें, देणाऱ्यांच्या नांवासकट रंगवून घेतलें आणि ती गांवोगांव फिरविली. गुपचुप पैसे घेऊन नांव झांकून ठेवणारेही पुष्कळ असतात.

मार्च १९८५ मध्यें संप फसला. २९ जून रोजीं लंडनची मिरवणूक पुन्हां निघाली तेव्हां दक्षिण वेल्सचे खाणकामगार आपलें निशाण घेऊन आले व तिच्या अग्रभागीं चालले. परंतु खरी परतफेड झाली ती मतांच्या रूपानें. मजूरपक्षाच्या वार्षिक परिषदेंत त्या काळीं युनियनचीं मतें एकगठ्ठा पडत. सर्व सभासदांच्या वतीनें शिष्टमंडळ एकच कौल देई. म्हणून एका युनियनचें मन वळलें म्हणजे हजारों मतें वळत. १९८५ च्या परिषदेंत समलिंगी स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा ठराव आला आणि खाणकामगारांच्या युनियननें आपलें वजन त्याच्या बाजूनें टाकलें. ठराव संमत झाला.

यावर कोणी म्हणतील, ही तर निव्वळ देवघेव झाली. हक्क हे उपकारफेडीवर कां अवलंबावेत? आक्षेप खोटा नाहीं. ज्यानें कोणास एक पेनी दिली नाहीं त्या समलिंगी माणसाचाही हक्क तितकाच. तथापि आमचें मत असें कीं, तत्त्व मान्य असूनही माणसें वर्षानुवर्षें स्वस्थ बसतात. त्यांस उठवावयास ओळख लागते. डुलाइसच्या कामगारांनीं मत दिलें तें कोणा अमूर्त वर्गास नव्हे, आपल्या घरीं निजलेल्या पाहुण्यांस.

कायद्यानें मात्र फार वेळ लाविला. १९८८ सालीं तर उलटाच कायदा झाला व नगरपालिकांस समलैंगिकतेचा पुरस्कार करण्याची बंदी झाली; इंग्लंड व वेल्समध्यें ती २००३ पर्यंत टिकली. समलिंगी असल्यावरून नोकरींत भेदभाव करणें बेकायदेशीर ठरविणारे नियम डिसेंबर २००३ मध्यें अंमलांत आले. तोंवर डुलाइस खोऱ्यांतील त्या खाणींचीं दारें लागून गेलीं होतीं, आणि मार्क ॲश्टन ११ फेब्रुवारी १९८७ रोजींच, वयाच्या २६ व्या वर्षीं, एड्सच्या विकारानें मरण पावला होता.